अ‍ॅलर्जी नेमकी कशाची?

पत्राचा सारांश

एका वाचक भगिनींच्या ६४ वर्षांच्या वडिलांची तीन आठवड्यांपूर्वी दाढ काढली गेली. त्या रात्री जेवणानंतर त्यांनी दंतवैद्यांनी लिहून दिलेली, पेनिसिलिनच्या गटातल्या प्रतिजैविकाची म्हणजे अ‍ॅमॉक्सिसिलिनची कॅप्सूल आणि डायक्लोफेनॅकची वेदनाशामक गोळी एकदमच घेतली. दहा-पंधरा मिनिटांत तळहातांना खाज सुटली, अंगभर पित्त उठले, आवाज घोगरा झाला आणि उलटी झाली. मुलीने त्यांना सेटिरिझिनची (पित्तावरची) गोळी देऊन खुर्चीत बसवले आणि ‘आता उतरेल’ म्हणून वाट पाहिली. थोड्या वेळाने भावाने हाताला धरून त्यांना बाथरूमकडे नेले, तेव्हा ते दारातच कोसळले. रुग्णवाहिकेतील डॉक्टरांनी मांडीत अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत ते सावरले आणि एक रात्र रुग्णालयात राहून घरी आले. घरी सोडतानाच्या कागदावर ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ एवढाच शेरा आहे. डायक्लोफेनॅकची उरलेली पट्टी अजून घरातल्या औषधांच्या डब्यात आहे.

वडिलांच्या हृदयात चौदा महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला आहे. ते रोज अ‍ॅस्पिरिन आणि बीटा ब्लॉकर गटातली (नाडी व रक्तदाब आवरणारी) एक गोळी घेत असत. या प्रसंगानंतर मात्र त्यांनी सगळ्याच गोळ्या बंद केल्या आहेत. डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅड्रिनॅलिनची दोन पेने (मांडीत टोचायची, मात्रा आधीच भरलेली तयार इंजेक्शने) कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलेली आहेत, कारण हृदयरोग्याला हे इंजेक्शन टोचले तर हृदयच बंद पडेल, अशी घरातल्या सर्वांची समजूत आहे. पत्रलेखिकेच्या नऊ वर्षांच्या मुलाला तिसऱ्या वर्षी तापात अ‍ॅमॉक्सिसिलिन सुरू असताना पाचव्या दिवशी अंगावर पुरळ आले होते आणि तेव्हापासून त्याच्याही फाइलवर पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीची नोंद आहे. ‘ही अ‍ॅलर्जी आमच्या घराण्यातच आहे का? सगळ्यांची रक्ततपासणी करून घ्यावी का? बाबांनी हीच औषधे यापूर्वी कितीतरी वेळा घेतली होती, मग या वेळीच असे का झाले? आणि त्या रात्री माझे चुकले का?’ असे त्या विचारतात.

उत्तर

तुमचे पत्र वाचताना मी पहिल्यांदा थबकले ती तुमच्या चार प्रश्नांपैकी कोणत्याही प्रश्नावर नाही, तर बाबांनी सगळ्या गोळ्या बंद केल्याच्या ओझरत्या उल्लेखावर. स्टेंट बसवलेल्या माणसाने आपल्या मनाने अ‍ॅस्पिरिन थांबवले की स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि बीटा ब्लॉकर एकाएकी सोडले की नाडी व रक्तदाब उसळी मारू शकतात. म्हणून सदराचा नेहमीचा क्रम मोडून, हे उत्तर छापून येण्याआधीच, हृदयरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी फोन करा असे मी तुम्हाला कळवले होते. ते इथे पुन्हा लिहिते आहे, कारण एका औषधाने जीवावर बेतल्यावर सर्वच औषधांवर फुली मारणारे बाबा काही एकटेच नाहीत. गोळ्या घरच्या घरी पुन्हा सुरू करा, असे माझे म्हणणे नाही. कोणती गोळी कधी सुरू करायची आणि पहिला डोस देखरेखीखाली घ्यायचा का, हे त्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे. तुमचे काम त्यांना संपूर्ण हकिगत सांगण्याचे आहे, आणि ती डायक्लोफेनॅकसकट सांगायची आहे.

‘डायक्लोफेनॅकसकट’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. तुमच्या पत्रात, रुग्णालयाच्या कागदावर आणि बहुधा तुमच्या घरातल्या सगळ्या बोलण्यातही प्रतिजैविकाला दोषी ठरवून खटला निकालात निघालेला आहे. त्याच घोटाबरोबर पोटात गेलेल्या वेदनाशामकाची कोणी साधी चौकशीही केलेली नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी प्रसिद्ध आहे, त्यामुळे संशय आधी तिकडे वळतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु वेदनाशामकांच्या ज्या कुटुंबात डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन आणि अ‍ॅस्पिरिन येतात, ते कुटुंबही औषधांमुळे होणाऱ्या तीव्र प्रतिक्रियांच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे, आणि डायक्लोफेनॅकचे नाव त्यात वारंवार येते. दोन्ही औषधे एकाच वेळी घेतलेली, लक्षणे पंधरा मिनिटांच्या आत सुरू झालेली. केवळ घड्याळाकडे पाहून यांतले कोणते दोषी, हे कोणालाही सांगता येणार नाही.

कागदावरचा शेरा चुकीचा असेल तर नुकसान दुहेरी आहे. बाबांना पुढे कधी न्यूमोनिया झाला किंवा शस्त्रक्रिया करावी लागली, तर पेनिसिलिनच्या गटातली नेमकी, स्वस्त आणि चांगली पारखलेली औषधे बाजूला ठेवून अधिक व्यापक मारा करणारी प्रतिजैविके द्यावी लागतील, ज्यांचे दुष्परिणाम अधिक असतात आणि ज्यांच्यामुळे औषधांना दाद न देणारे जंतू वाढतात. आणि खरा अपराधी मात्र तुमच्याच औषधांच्या डब्यात, अर्ध्या वापरलेल्या पट्टीत, पुढच्या गुडघेदुखीची वाट पाहत पडून असेल. ती पट्टी आजच बाहेर काढा. डायक्लोफेनॅक निरनिराळ्या नावांनी, दुसऱ्या औषधांबरोबर एकाच गोळीत, इंजेक्शनात आणि दुखऱ्या सांध्यांवर चोळायच्या मलमातही असते, म्हणून वेष्टणावरचे मोठे नाव न वाचता खालच्या बारीक अक्षरांतले मूळ औषधाचे नाव वाचण्याची सवय घरातल्या सर्वांनी लावून घ्या. उलगडा होईपर्यंत पेनिसिलिनचा गट आणि हा वेदनाशामकांचा गट, दोन्ही टाळायचे. अपवाद फक्त अ‍ॅस्पिरिनचा, आणि तोही हृदयरोगतज्ज्ञ व अ‍ॅलर्जीतज्ज्ञ मिळून जे ठरवतील त्याप्रमाणे. बाबा चौदा महिने रोज अ‍ॅस्पिरिन विनातक्रार घेत होते, ही तुम्ही सहज सांगितलेली गोष्ट तज्ज्ञांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. दोष डायक्लोफेनॅकचा निघालाच, तर त्यांचे शरीर त्या एकाच रेणूवर बिथरते, संपूर्ण कुटुंबावर नाही, या शक्यतेला त्यातून बळ मिळते. हृदयासाठी घेतलेली ही मात्रा छोटी असल्यामुळे तो शेवटचा पुरावा होत नाही, इतकेच.

उलगडा कसा होतो, तेही सांगते. प्रसंगानंतर चार ते सहा आठवडे जाऊ देऊन अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे जावे, कारण तीव्र प्रतिक्रियेनंतर लगेच केलेल्या त्वचेच्या चाचण्या खोट्या नकारात्मक येऊ शकतात. पेनिसिलिनसाठी त्वचेवर सुईने टोचून आणि नंतर त्वचेच्या थरात किंचित औषध सोडून चाचणी करतात. ती नकारात्मक आली तर दवाखान्यातच, सर्व तयारीनिशी, अ‍ॅमॉक्सिसिलिनची मात्रा तोंडाने देऊन निरीक्षण करतात. डायक्लोफेनॅकसाठी त्वचेची भरवशाची चाचणी नाही. म्हणून बहुधा आधी अ‍ॅमॉक्सिसिलिनचा फैसला होईल, आणि ते निर्दोष सुटले तर डायक्लोफेनॅकवर ठपका आपोआप येईल. चाचणीच्या आधी काही दिवस सेटिरिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, तेव्हा भेटीची वेळ ठरवतानाच किती दिवस, ते विचारून घ्या. रुग्णालयात त्या रात्री ट्रिप्टेज नावाच्या घटकासाठी रक्त घेतले होते का, हेही विचारा. हा घटक प्रतिक्रियेनंतर पहिल्या काही तासांत वाढलेला असतो आणि नंतर उतरतो. त्या वेळचा आकडा हाती असेल तर आता, शांत काळात, दुसरा नमुना घेऊन तुलना करता येते आणि झाले ते खरोखर अ‍ॅनाफिलॅक्सिस होते, म्हणजे अंगभर झपाट्याने पसरणारी जीवघेणी अ‍ॅलर्जी होती, याला दुजोरा मिळू शकतो.

यावरून तुमच्या रक्ततपासणीच्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. सर्व औषधांची अ‍ॅलर्जी एका नमुन्यातून सांगणारी विश्वासार्ह तपासणी अस्तित्वात नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांच्या चाचण्या मोजक्याच औषधांसाठी आहेत आणि त्यांचा अर्थ रुग्णाच्या हकिगतीशी जोडूनच लावता येतो. ज्यांना कधी काहीच झालेले नाही, अशा तुम्ही आणि तुमच्या भावाने तपासणी केल्यास हाती फार तर एक गोंधळात टाकणारा कागद येईल. औषधाची अ‍ॅलर्जी वडिलांकडून मुलीकडे दागिन्यांसारखी उतरत नाही. काही विशिष्ट औषधांच्या त्वचेवरील अतिगंभीर प्रतिक्रियांशी जनुकांचे नाते सापडलेले आहे, जसे फेफऱ्यावरच्या कार्बामाझेपिनचे किंवा युरिक अ‍ॅसिडवरच्या अ‍ॅलोप्युरिनॉलचे, पण तो तुमचा विषय नाही. बाबांना झाले म्हणून तुम्ही पेनिसिलिन किंवा वेदनाशामक टाळण्याचे कारण नाही.

‘इतक्या वेळा घेतले होते, मग आताच कसे?’ या प्रश्नामागे असे गृहीत आहे की, एकदा चाललेले औषध कायम चालते. या बाबतीत गोष्ट जवळजवळ उलटी आहे. सन १९०१ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजपुत्राच्या जहाजावर सागरी प्राण्यांच्या विषावर काम करत होते. पॅरिसला परतल्यावर अशाच विषाची छोटी मात्रा देऊन कुत्र्यांना त्यापासून संरक्षण मिळते का, हे त्यांना पाहायचे होते. पहिली मात्रा पचवलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी तितकीच क्षुल्लक मात्रा पुन्हा दिली, तेव्हा संरक्षण राहिले बाजूलाच, तो काही मिनिटांत दगावला. संरक्षणाच्या नेमक्या विरुद्ध म्हणून त्यांनी १९०२ मध्ये या प्रकाराला ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले, आणि रिशेंना त्यासाठी १९१३ चे नोबेल मिळाले. आज आपल्याला ठाऊक आहे की आधीच्या भेटीत शरीर त्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करून ठेवू शकते. ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात, आणि पुढच्या एखाद्या भेटीत पदार्थ त्यांना चिकटला की त्या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायने एकदम ओततात. म्हणजे मागच्या दहा वेळा काही न होणे, ही अकराव्या वेळची हमी नसते. (वेदनाशामकांच्या काही प्रतिक्रिया या प्रतिपिंडांशिवाय, वेगळ्या वाटेनेही होतात, रुग्णाला दिसणारे चित्र मात्र तेच.)

आता कपाटाच्या वरच्या फळीकडे वळू. खरे सांगायचे तर, तुमच्या घरात भीती आहे हे मला खटकत नाही; ती चुकीच्या वस्तूवर बसली आहे, हे खटकते. ज्या सेटिरिझिनवर तुम्ही विसंबलात ते घशाची सूज, दम किंवा कोसळता रक्तदाब यांतल्या एकालाही आवरू शकत नाही, आणि जे इंजेक्शन आवरू शकते ते तुम्ही हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवले आहे.

हृदयरोग्याला अ‍ॅड्रिनॅलिन घातक ठरते, ही समजूत पूर्णपणे निराधार नाही, आणि म्हणूनच ती इतकी चिवट आहे. शिरेतून, घाईघाईने, जास्त मात्रेत दिलेल्या अ‍ॅड्रिनॅलिनने हृदयाची लय बिघडल्याची, हृदयाला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. पण मांडीच्या स्नायूत दिलेली योग्य मात्रा ही वेगळी गोष्ट आहे. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैलावतात आणि त्यांच्या भिंती पाझरू लागतात. दहा मिनिटांच्या आत रक्तवाहिन्यांतले सुमारे ३५ टक्के द्रव बाहेर निघून गेल्याचे नोंदवले गेले आहे. अशा वेळी हृदयाकडे परतणारे रक्तच तुटते आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या उपाशी राहतात. ज्याच्या त्या वाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्याला ही उपासमार कमी सोसवते. म्हणजे ज्या कारणासाठी तुम्ही बाबांना इंजेक्शन द्यायला घाबरता, त्याच कारणासाठी त्यांना ते लवकर मिळायला हवे. जीवघेण्या अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये अ‍ॅड्रिनॅलिन देऊच नये असा एकही आजार नाही, ही भूमिका वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्टपणे मांडलेली आहे. हृदयरोग असल्यामुळे रुग्णालयात देखरेख अधिक काटेकोर ठेवतात, एवढाच फरक.

हे एकच औषध पहिले का, ते त्याच्या कामावरून कळते. ते सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळते, त्यामुळे रक्तदाब सावरतो आणि घशाची सूज उतरते. ते श्वासनलिका मोकळ्या करते, हृदयाला जोर देते आणि मास्ट पेशींमधून आणखी रसायने सुटणे रोखते. सेटिरिझिनसारख्या गोळीचा परिणाम दिसायला अर्धा ते एक तास लागतो, आणि तेव्हाही ती खाज आणि पित्त यांपलीकडे जात नाही. स्टेरॉइडला तर कित्येक तास लागतात. या दोन्ही औषधांना नंतर जागा आहे. अ‍ॅड्रिनॅलिनच्या आधी नाही आणि त्याच्याऐवजी तर नाहीच.

म्हणून घरातल्या प्रत्येकाला हे पाठ हवे. संशयित औषध घेतल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर पित्त किंवा सूज आली आणि त्याबरोबर आवाज बदलणे, गिळायला त्रास, दम लागणे, छातीत घरघर, वारंवार उलट्या, घेरी किंवा शुद्ध हरपणे यांतले काहीही दिसले, तर ते अ‍ॅनाफिलॅक्सिस समजावे. दहातल्या एक-दोघांना त्वचेवर काहीच दिसत नाही, म्हणून पित्त नाही या कारणाने निर्धास्त होऊ नये. पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, गरज पडल्यास कपड्यावरूनच घट्ट दाबायचे आणि त्यावर लिहिलेल्या सेकंदांइतके तसेच धरून ठेवायचे. दंडापेक्षा मांडी बरी, आणि कातडीखाली देण्यापेक्षा स्नायूत देणे बरे. मुलांवरील एका जुन्या अभ्यासात स्नायूतून दिलेल्या अ‍ॅड्रिनॅलिनने रक्तातली उच्चतम पातळी सुमारे ८ मिनिटांत गाठली, तर कातडीखाली दिल्यावर त्याला सुमारे ३४ मिनिटे लागली. त्याच वेळी दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवायची आणि ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ हा शब्द उच्चारून सांगायचा. पाच मिनिटांत सुधारणा दिसली नाही किंवा त्रास परतला, तर दुसरे पेन द्यायचे. पेने दोन दिलेली आहेत ती याचसाठी. दिल्यावर छातीत धडधडेल, हात थरथरतील, चेहरा फिका पडेल. ते औषध लागू पडल्याचे चिन्ह आहे आणि थोड्या वेळात ओसरते.

ज्या वाचकांकडे असे पेन नाही आणि ज्यांच्या भागात ते मिळत नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना अ‍ॅम्प्यूल आणि सिरिंज जवळ ठेवण्याबाबत विचारावे. एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम या तीव्रतेच्या औषधाची मात्रा वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात, आणि प्रौढांसाठी ती ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिलिटरच्या वर नेत नाहीत. तयार पेनांत प्रौढांसाठी बहुधा ०.३ आणि लहान मुलांसाठी ०.१५ मिलिग्रॅम असते. परंतु घाबरलेल्या हातांनी काच फोडून मात्रा मोजणे सोपे नाही, त्यामुळे डॉक्टरांसमोर प्रत्यक्ष सराव केल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, आणि घरच्या माणसाने हे औषध शिरेत कधीही देऊ नये.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते पेनाइतकीच महत्त्वाची आहे आणि तरी फार कमी घरांत माहीत असते. रुग्णाला आडवे करायचे, पाय उंच ठेवायचे आणि उठू द्यायचे नाही. दम लागत असेल तर पाय लांब पसरून टेकून बसवावे. शुद्ध हरपली असेल किंवा उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. गर्भवती असेल तर डाव्या कुशीवर. पण उभे करणे नाही, चालवणे नाही, बाथरूमपर्यंत नाही आणि गाडीपर्यंतही नाही. रक्त आधीच पायांकडे साचत असताना माणूस उभा राहिला की हृदय रिकामेच आकुंचन पावते. अशा अचानक उठण्या-बसण्यानंतर मृत्यू ओढवल्याची प्रकरणे नोंदवलेली आहेत. बाबा दारात कोसळले ते बहुधा याचमुळे, आणि जमिनीवर आडवे पडल्याने त्यांना काही मिनिटे मिळाली असावीत.

पेन दिल्यावर बरे वाटले तरी रुग्णालयात जायचेच, कारण काही जणांमध्ये लक्षणे काही तासांनी, क्वचित दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही, पुन्हा उफाळतात. बाबांच्या बीटा ब्लॉकरबद्दल डॉक्टरांशी बोलताना हाही मुद्दा काढा. त्या गोळीमुळे प्रतिक्रिया अधिक तीव्र होऊ शकते आणि अ‍ॅड्रिनॅलिनचा असर थोडा कमी पडू शकतो. रुग्णालयात अशा वेळी ग्लुकागॉन नावाचे दुसरे इंजेक्शन वापरतात. म्हणून ती गोळी चालू ठेवायची की बदलायची, हा हृदयाचा फायदा आणि हा धोका तोलून करण्याचा निर्णय आहे, आणि घरातल्या भीतीने तो परस्पर घेऊन टाकू नये. औषधाच्या अ‍ॅलर्जीत पेने सर्वांनाच देतात असेही नाही, कारण एकदा कारण कळले की ते टाळता येते. बाबांचे कारण अजून ठरायचे आहे, तोवर पेने त्यांच्या खिशात किंवा पिशवीत, आणि घरी असतील तेव्हा सर्वांना ठाऊक असलेल्या मोकळ्या जागी असावीत. फ्रीजमध्ये नकोत, उन्हात नकोत, आणि मुदत संपण्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

मुलाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती बाबांच्या गोष्टीत मिसळू नका. पाचव्या दिवशी, तापात, अंगभर आलेले आणि आपोआप गेलेले साधे पुरळ हे लहान मुलांमध्ये पुष्कळदा विषाणूचे असते, किंवा विषाणू आणि औषध यांच्या एकत्र येण्याचे असते. एप्स्टाइन-बार विषाणूच्या तापात अ‍ॅमॉक्सिसिलिन दिले की पुरळ येणे तर पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. ज्यांच्या कागदावर पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीचा शेरा असतो, अशा लोकांची नीट तपासणी केल्यावर दहातल्या नऊ किंवा त्याहून अधिक जणांना ते औषध चालते असे आढळते. ज्यांना खरी, तत्काळ प्रकारची अ‍ॅलर्जी असते, त्यांच्यातलेही सुमारे ८० टक्के लोक दहा वर्षांत ती गमावून बसतात. तेव्हा मुलाच्या बाबतीत तज्ज्ञांना विचारायचा प्रश्न ‘अजून काय टाळू?’ हा नाही, तर ‘हा शेरा खोडता येईल का?’ हा आहे. बहुधा ते देखरेखीखाली अ‍ॅमॉक्सिसिलिनची मात्रा देऊन तासभर किंवा अधिक पाहतील. एक अट आहे: त्या वेळी फोड आले होते, कातडी सुटली होती, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा झाल्या होत्या, सांधे सुजले होते, असे काहीही आठवत असेल तर ते आधी सांगा, कारण तशा प्रतिक्रियेनंतर ते औषध पुन्हा देऊन पाहत नाहीत. जुने फोटो असतील तर शोधा. आणि घरच्या घरी ‘थोडेसे देऊन बघू’ हा प्रयोग कोणीही, कधीही करू नये.

आता ‘माझे चुकले का?’ हा प्रश्न. गोळी देणे चुकले नाही. गोळीवर विसंबून वाट पाहणे चुकले, आणि भावाने उभे करणे चुकले. हे गोड शब्दांत झाकणे तुमचा अपमान ठरेल, असे मला वाटते. पण त्या रात्री तुमच्या घरात अ‍ॅड्रिनॅलिन नव्हते, आणि पित्त उठले की पित्ताची गोळी द्यावी यापलीकडे तुम्हाला कोणी काही सांगितलेले नव्हते. डॉक्टरही इथे कचरतात. शिकाऊ असताना अशाच एका रुग्णाशेजारी मी औषध भरलेली सिरिंज हातात धरून वरिष्ठ येईपर्यंत उभी राहिले होते. ते फार तर दोन मिनिटांत आले, पण ती दोन मिनिटे मला अजून आठवतात. त्यानंतर मी पुन्हा तशी थांबले नाही. तुमच्या हातात आता पेन आहे, आणि सरावासाठी सुई नसलेले पेन बहुधा मागितल्यावर मिळते. भावाला, मुलाला आणि स्वतः बाबांनाही त्यावर सराव करू द्या.

शेवटी कागदाचे काम. ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ हा शेरा सध्या पुसू नका, पण तो पुरा करून घ्या. कोणती दोन औषधे, किती मात्रा, तारीख, किती मिनिटांत काय काय झाले, कोणता उपचार लागू पडला, आणि ‘कारण अनिश्चित, तपासणी बाकी’ हे शब्द. नुसते जुलाब किंवा मळमळ झाली म्हणून अ‍ॅलर्जीच्या रकान्यात नावे भरलेली कितीतरी कार्डे मी पाहिली आहेत. त्या गर्दीत खरी नोंद हरवते, म्हणून बाबांच्या कार्डावर तपशील हवा.

त्याच कार्डाच्या मागच्या बाजूला चाललेल्या औषधांची यादी करा. ही यादी सहसा कोणी करत नाही. त्यात दाढ काढताना दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनाचे नाव दंतवैद्यांकडून घेऊन लिहा, कारण त्या दिवशी ते बाबांना विनात्रास चालले होते. पॅरासिटामॉल त्यांनी या प्रसंगानंतर कधी घेतले असेल तर तेही लिहा. नसेल तर दुखण्यावर ते घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा, कारण वेदनाशामकांच्या या गटाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना पॅरासिटामॉल बहुतेक वेळा चालते. जखम भरल्याची तपासणी त्यांनी गोळ्यांच्या धास्तीने टाळली असेल तर ती आता करून घ्या, आणि हे कार्ड दंतवैद्यांना बाबांनी स्वतःच्या हाताने दाखवावे.